बाळ येशूच्या यात्रेला जातो, पण ख्रिस्ती लोक नेमकं मानतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आम्ही दर फेब्रुवारीत जातो, मेणबत्ती लावतो, नवस बोलतो, पण ख्रिस्ती माणसं नेमकं काय मानतात? पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे देव तीन का? आणि येशूला अवतार म्हणायचं का?

उत्तर मूर्तीपासूनच सुरू करता येईल. बाळ येशूच्या मूर्तीचा हा घाट प्राग शहरातल्या मूर्तीवरून जगभर गेला. मूळ मूर्ती लाकडाची, वरून मेणाचा लेप, उंची सुमारे ४७ सेंटिमीटर. १६२८ मध्ये ती तिथल्या कार्मेलाइट मठाला भेट मिळाली. डाव्या हातात क्रूस असलेला गोल आहे, म्हणजे जगावरचं राज्य. उजवा हात आशीर्वादासाठी वर केलेला. त्या हाताची बोटं जवळून पाहा. दोन सरळ, उरलेली दोन अंगठ्याला टेकलेली. परंपरेनं त्याचा अर्थ असा लावतात: सरळ दोन बोटं म्हणजे येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, जुळलेली तीन म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव.

म्हणजे देव तीन नाहीत. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदी होते, आणि देव एकच ही त्यांची रोजची कबुली होती. तरीही त्यांनी येशूची उपासना केली. हे दोन्ही एकत्र कसं धरायचं यावरून पुढे मोठा वाद झाला. एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र थोर खरा, पण तो देवानं निर्माण केलेला. ३२५ साली निकीया इथल्या बिशपांच्या परिषदेनं ते नाकारलं: पुत्र निर्मिलेला नाही, जे पित्याचं देवत्व तेच त्याचं. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या ठरीव कबुलीत, पवित्र आत्म्याबद्दलचं कलम वाढवलं.

इथे दोन उपमा हमखास घोटाळा करतात. पहिली पाणी, बर्फ आणि वाफेची. तिच्यात एकच वस्तू आळीपाळीनं तीन रूपं घेते. पण शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू पित्याशी बोलतो, त्याची प्रार्थना करतो, म्हणजे ती एकाच पात्राची सोंगं नाहीत. दुसरी ब्रह्मा-विष्णू-महेशाची. तिच्यात उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामं वाटलेली आहेत. ख्रिस्ती शिकवणीत देवाचं प्रत्येक काम तिघांचं मिळून एकच असतं. आणि ‘पुत्र’ म्हटलं म्हणून देवाला बायको होती असं कोणीही मानत नाही. ते नातं काळाच्या आधीपासूनचं आहे.

अवताराचं म्हणाल तर साम्य आहे, ते लपवायचं कारण नाही. फरक असा, की हे एकदाच घडलं आणि कायमचं. येशूला भूक लागली, तो दमला, रडला, खरोखर मेला. ४५१ साली काल्सेदोनच्या परिषदेनं हेच नेमक्या शब्दांत बांधलं: पूर्ण देव, पूर्ण मानव, एकच व्यक्ती. आणि पुनरुत्थानानंतरही त्यानं माणूसपण टाकून दिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा उपदेशात किंवा चमत्कारांत आहे असं बहुतेकांना वाटतं. मग प्रेषितांचा मतांगीकार वाचून पाहा. उपासनेत उभं राहून तो एकत्र म्हणतात, मिनिटभरही लागत नाही. पित्यासाठी त्यात एक वाक्य आहे, येशूसाठी सर्वांत मोठा भाग, मग पवित्र आत्मा, मंडळी, पापांची क्षमा, देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. येशूच्या भागात कुमारी मरियेपासून जन्म झाल्याचं येतं आणि लगेच पंतय पिलाताच्या अमलाखालचं दुःख, वधस्तंभ, मृत्यू, मूठमाती. मधली शिकवण, बोधकथा, आजारी बरे करणं, सगळं वगळलेलं! पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियावर नेमलेला रोमन सुभेदार. त्याचं नाव दर रविवारी उच्चारतात ते, ही घटना एका ठरावीक राजवटीत, एका ठरावीक गावाबाहेर घडली, हे सांगण्यासाठी.

त्या मृत्यूचं काय एवढं? पाप-पुण्याच्या खातेवहीची सवय असली की इथेच अडायला होतं. ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे मुळात देवाशी तुटलेलं नातं. वाईट कृत्यं त्यातून येतात. ते नातं माणसाला आपल्या बाजूनं सांधता येत नाही, म्हणून देवानंच पुत्राच्या रूपानं येऊन त्याची किंमत सोसली. ही किंमत म्हणजे खंडणी, आपल्याऐवजी भोगलेली शिक्षा की मरणावर मिळवलेला जय, याची स्पष्टीकरणं वेगवेगळी आहेत. प्रेषितांच्या आणि निकीयाच्या, दोन्ही जुन्या मतांगीकारांनी त्यातलं कुठलंच एक बंधनकारक केलेलं नाही. बंधनकारक आहे ते एवढंच, की ‘आमच्यासाठी’ हे घडलं.

यातून पुढचा क्रम ठरतो. पुण्य साठवून तारण मिळत नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ८ आणि ९ ही वचनं सांगतात की ते कृपेनं मिळालेलं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. मग चांगलं वागायचं कशाला? लगेचचं १०वं वचन म्हणतं की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. आधी स्वीकार, मग वागणूक. हा क्रम उलटा केला की बाकी सगळं बरोबर असूनही ख्रिस्ती विश्वास हातातून निसटतो, आणि माझ्या मते चर्चमध्ये वाढलेल्यांचीही सर्वांत मोठी गल्लत इथेच होते.

नवसाचंही त्यावरून कळेल. मागणं मागायला पूर्ण मोकळीक आहे. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलेली आहे. पण त्याच प्रार्थनेत त्याच्या आधी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ येतं. काम झालं तर अमुक वाहीन, हा सौदा त्या प्रार्थनेत बसत नाही. मेणबत्ती कृतज्ञतेनं लावा, कुणी अडवणार नाही.

तिसऱ्या दिवशी येशू उठला, यावर मात्र सगळं उभं आहे. प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, पहिलं पत्र लिहिलं ते घटनेनंतर साधारण २५ वर्षांनी. त्याच्या १५व्या अध्यायात उठलेल्या येशूला पाहिलेल्यांची यादी आहे, आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत असंही तो लिहितो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, हेही तोच म्हणतो. त्यामुळे ख्रिस्ती विश्वासात पुनर्जन्म नाही. आयुष्य एकदाच, मग न्याय, आणि शेवटी देहासह उठणं. दफनाची चाल याच आशेतून आली, पण दहनानं पुनरुत्थान अडतं असं नाही. कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहनाला मोकळीक दिलेली आहे.

इथवरची मूळ शिकवण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही मान्य आहे. नाशिकमधलंच पाहा: त्र्यंबक नाक्याचं होली क्रॉस चर्च कॅथलिक. शरणपूरचं सेंट अँड्र्यूज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे १९७० मध्ये नागपुरात एकत्र आलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटांकडे ६६. कॅथलिक सात संस्कार मानतात, प्रोटेस्टंट बहुतेक दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी). कॅथलिक मरियेला आपल्यासाठी प्रार्थना करायला विनवतात, पण तिला देवी मानत नाहीत. मूर्तीपुढे मेणबत्ती लावण्याची रीत तुम्हाला प्रोटेस्टंटांकडे सहसा दिसणार नाही.

बायबल वाचायचं असेल तर उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन बहुतेक जण थांबतात. मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. मग लूकचा १५वा अध्याय आणि पौलाचा तो करिंथकरांचा १५वा. रविवारी उपासनेला गेलात तर मागच्या बाकावर बसा, इतर उभे राहिले की उभे राहा. मराठी उपासनेत कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं कानावर पडतील, ती ऐकून बरंच उलगडेल. भाकर आणि द्राक्षारस मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तो घेऊ नका. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, फादर समजून फक्त आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही.