डीएलपी संपल्यावर बांधकामात दोष निघाला, तर कॉन्ट्रॅक्टर सुटतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करून ताबा दिला, डीएलपी (ताबा दिल्यानंतरची दोषदुरुस्तीची मुदत) संपला, रिटेन्शनचे (बिलातून राखून ठेवलेले) पैसेही मिळाले; आता बाल्कनीचा स्लॅब झुकलाय आणि मालक भरपाई मागतोय. द्यावी लागेल का?

डीएलपी संपल्याने तुम्ही सुटत नाही. त्या मुदतीत दोष निघाला तर स्वतः येऊन स्वखर्चाने दुरुस्त करायचा, एवढीच ती अट असते. नंतरही करारभंगाचा दावा लावायला मालकाला बहुतेक ठिकाणी मुदतीच्या कायद्याने वेळ असतो. फ्रान्समध्ये तर इमारतीच्या मजबुतीला बाध आणणाऱ्या दोषांची १० वर्षांची जबाबदारी कायद्यानेच घातलीय, करारात काहीही लिहा.

खरा मुद्दा दोषाच्या कारणाचा आहे, आणि बाल्कनीत ते शोधणं फारसं अवघड नसतं. कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेल्या स्लॅबमध्ये, ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वर. काँक्रीट ओतताना माणसं त्याच जाळीवरून ये-जा करतात. खाली चेअर (जाळी वर उचलून धरणारे सळीचे आधार) कमी असल्या की जाळी दबते. वरून कव्हर मीटर (सळी किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र) फिरवा, एक-दोन ठिकाणी फोडून खात्री करा. १५० मिमीच्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगवर कव्हर (सळीवरच्या काँक्रीटची जाडी) २५ मिमी आणि सळी सापडली ६५ वर, तर वाद घालण्यात अर्थ नाही, दोष तुमच्या कामाचा. सळ्या जागच्या जागी आहेत, पण व्यासच कमी दाखवला होता, तर बोट डिझाइनरकडे जातं. (ओतण्याआधीच्या तपासणीवर कन्सल्टंटची सही असली तरी तेवढ्याने तुमची चूक माफ होत नाही.)

'ड्रॉइंगप्रमाणे केलं' हा बचाव मात्र करार वाचल्याशिवाय वापरू नका. अमेरिकेत १९१८च्या स्पिअरिन खटल्यात तो चालला: आराखडा मालकाचा, तर त्यातल्या चुकीची जोखीमही मालकाची. उलट ब्रिटनमधल्या रॉबिन रिग पवनचक्क्यांचं बघा. तिथे डिझाइनही कॉन्ट्रॅक्टरकडेच होतं. त्याने ठरवून दिलेलं मानक पाळलं, पण त्या मानकातल्या सूत्रातच चूक होती आणि टॉवरच्या पायातले जोड सरकायला लागले. तरीही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २ कोटी ६२.५ लाख युरोंचा दुरुस्तीखर्च कॉन्ट्रॅक्टरवरच टाकला, कारण तांत्रिक अटींमध्ये २० वर्षांच्या आयुष्याबद्दल एक परिच्छेद होता. मला हा निकाल कठोर वाटतो, पण सही त्याचीच होती. तेव्हा 'डिझाइनची जबाबदारी', 'हेतूस योग्य', 'आयुर्मान' असे शब्द तुमच्या कराराच्या परिशिष्टांतही शोधा.

आत्ता लगेच बाल्कनीला टेकू लावून वापर बंद करायला सांगा. विमा असेल तर कंपनीला लेखी कळवा. मालक घाईने स्लॅब तोडणार असेल, तर आधी दोन्ही बाजूंसमोर मोजमापं आणि फोटो घ्यायचा आग्रह धरा. सळी कुठे होती हे नंतर कोणालाच दाखवता येणार नाही.