हिप-हाउस ही युरोपने हिप-हॉपमध्ये केलेली भेसळ आहे का?

नाही. हिप-हाउस म्हणजे हाउस या क्लबांतल्या नृत्यसंगीताच्या तालावर केलेले हिप-हॉपमधले रॅप, म्हणजे लयीत म्हटलेले बोल. ‘भेसळ’ हा शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो, कारण १९९० साली ठाण्याला माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, नेमका हाच शब्द वापरला होता.

मी तेव्हा अकरावीत होतो. शिकागोत नोकरीला असलेल्या काकांनी तिथल्या रेडिओवरून ध्वनिमुद्रित केलेली नव्वद मिनिटांची कॅसेट मला आणून दिली होती. तीत टायरी कूपरचे ‘टर्न अप द बेस’ आणि फास्ट एडीची गाणी होती. दादाकडे दोन कॅसेटांचा डेक होता, म्हणून प्रत काढायला मी ती त्याच्याकडे नेली. पाच मिनिटे ऐकून तो म्हणाला, “हे गाणे नव्हे, बोलणे आहे, आणि युरोपातल्या कंपन्यांनी विकायला काढलेली भेसळ आहे.” त्या काळात टेक्नोट्रॉनिक या गटाचे ‘पम्प अप द जॅम’ जिकडेतिकडे वाजत होते आणि ते बेल्जियमचे होते, एवढ्यावरून त्याने निकाल दिला. आठवड्याने मी कॅसेट आणायला गेलो, तेव्हा तिच्या एका बाजूवर मामेबहिणीच्या लग्नातली मंगलाष्टके होती. पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मी मोडून ठेवली होती आणि त्या खाचेवर दादाने चिकटपट्टी लावली होती. म्हणजे हे नजरचुकीने झालेले नव्हते.

मुद्दा असा, की फास्ट एडी आणि टायरी हे दोघेही शिकागोचे, आणि ज्या शहरात फ्रँकी नकल्सने १९७७ पासून ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवून हाउसचा पाया घातला, त्याच शहरातल्या डीजे इंटरनॅशनल या कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. ‘टर्न अप द बेस’ १९८८ चे आहे आणि त्यात कूल रॉक स्टेडी रॅप करतो. त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या जंगल ब्रदर्सनी टॉड टेरीच्या हाउस तालावर ‘आय’ल हाउस यू’ केले, आणि हे लोक हिप-हॉपमधले मुरलेले होते. ‘पम्प अप द जॅम’ आले १९८९ मध्ये. भेसळ म्हणणाऱ्याने निदान सनावळी तरी पाहावी.

दादाच्या ‘गाणे नव्हे, बोलणे’ या शेऱ्यात यात कौशल्य नाही असे सुचवलेले आहे, तेही मला मान्य नाही. त्या काळच्या हिप-हॉपचा वेग साधारणपणे मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आसपास असे, तर हाउसचा एकशेवीसच्या आसपास, आणि हाउसमध्ये चारही मात्रांवर बेस ड्रम सारखाच आदळतो. रॅपरला रेंगाळण्याची सोय उरत नाही. एक तर शब्द घट्ट विणावे लागतात, नाही तर ओळ मोडून ठोक्यांच्या मधल्या जागेत बसवावी लागते. टेक्नोट्रॉनिकच्या त्या गाण्यात हे ज्या मुलीने केले तिचे नाव ‘या किड के’, आणि ती किन्शासात जन्मलेली. व्हिडिओत मात्र फेली नावाच्या मॉडेलने तिच्या आवाजावर ओठ हलवले. युरोपातल्या धंद्यावर राग काढायचाच असेल, तर तो या प्रकारासाठी काढावा.

एक गोष्ट मात्र मला कबूल करायला हवी: ब्रिटनच्या बीटमास्टर्सनी कुकी क्रू या लंडनच्या रॅपर मुलींबरोबर ‘रॉक द हाउस’ १९८७ मध्येच काढले होते, त्यामुळे पहिले कोण, या वादात युरोपची बाजू अगदीच लंगडी नाही. पण त्या मुलीही रॅपरच होत्या, म्हणून भेसळीचा आरोप तिथेही टिकत नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारले आहे. आधी टायरी, मग जंगल ब्रदर्स, मग कुकी क्रू, याच क्रमाने ऐका, आणि कोणी भेसळ म्हणाले तर त्यालाही ऐकवा. गेल्या दिवाळीत मी दादाला ही तिन्ही गाणी ऐकवली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली, ‘आय’ल हाउस यू’ पुन्हा लावायला सांगितले, आणि मी कॅसेटचा विषय काढताच तो उठून स्वयंपाकघरात गेला.