वाचक विचारतात : सहा सिलिंडर की व्ही-८?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या १९७२ च्या व्हॅलियंट चार्जर ई४९ ला सहाच सिलिंडर, तरी अश्वशक्ती ३०२. अमेरिकेच्या १९६४ च्या पाँटियॅक जीटीओला ६.४ लिटरचं व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर), तिची ३२५. सरस कोण?

उत्तर : आधी आकड्यांबद्दल. हे दोन्ही ‘ग्रॉस’ आहेत. इंजिन एकटंच स्टँडवर चढवायचं, एअर क्लीनर, अल्टरनेटर, सायलेन्सर काही लावायचं नाही आणि मग मोजायचं, अशी ती पद्धत. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या सगळा सरंजाम लावून ‘नेट’ आकडा देऊ लागल्या. १९७१ च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन ग्रॉस ३३० आणि नेट २७५ चं. इंजिन तेच, आकडा १७ टक्क्यांनी खाली! म्हणून १९७० आणि १९७२ च्या गाड्यांचे कॅटलॉग शेजारी ठेवून निकाल लावू नये.

आता गाड्या. जीटीओ सरळ रस्त्यावर, पाव मैलात दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी. कमी आरपीएमलाच (मिनिटाच्या फेऱ्यांना) दणकून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापले की पकड सुटते. ई४९ ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या ६.२ किलोमीटरच्या डोंगरी शर्यत-ट्रॅकसाठी : ४.३ लिटर, तीन वेबर कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे), चार गिअर, पुढे डिस्क ब्रेक. (इंजिनाच्या नावात ‘हेमी’, म्हणजे अर्धगोल, असलं तरी तिचं कम्बश्चन चेंबर, म्हणजे पेट्रोल जळतं ती जागा, खरं अर्धगोल नाही.) वळणाच्या रस्त्यावर आमचं मत ई४९ ला. व्ही-८ तिथे चालत नाही असं मात्र नाही. १९७१ ची बाथर्स्ट शर्यत अ‍ॅलन मोफॅटने व्ही-८च्या फोर्ड फाल्कन जीटीएचओ फेज थ्रीवर जिंकली. पिटमध्ये कमी वेळा थांबावं लागावं म्हणून तिला १६४ लिटरची टाकी होती. पुढच्या वर्षी पावसात पीटर ब्रॉकची ३.३ लिटरची सहा सिलिंडर होल्डन टोराना पहिली आली.

प्रश्न : तीन वेबर असलेलं इंजिन आयडलला (गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना) हेलकावे खातं. ट्यूनिंग कुठून सुरू करू?

उत्तर : कार्ब्युरेटरला शेवटी हात लावा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास हवा. जास्त असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई बसत नाही आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. मग इंजिन गरम करून तिन्ही कार्ब्युरेटर जोडणारा लिंकेज (दांडा) सोडवा, एअरफ्लो मीटर एकेका तोंडावर (प्रत्येक वेबरला दोन) धरून आयडल स्क्रूने वाचन सारखं करा. सहाही मिक्स्चर स्क्रू एकेक करून इंजिन अडखळेपर्यंत आत, मग अर्धा फेरा बाहेर. लिंकेज जोडून १,५०० आरपीएमला पुन्हा मोजा. तिथे फरक दिसला तर बहुतेक वेळा लिंकेजचे बॉल-जॉइंट झिजलेले असतात. एकच तोंड जुळत नसेल तर मॅनिफोल्डजवळची रबरी रिंग हवा ओढते आहे का ते पाहा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर जुने रबरी पाइपही आधीच बदलून घ्या.

प्रश्न : ब्राझीलमध्येही अशा गाड्या बनत होत्या का?

उत्तर : हो. एक ५.२ लिटर व्ही-८ची डॉज चार्जर आर/टी, दुसरी फोर्ड मॅव्हरिक जीटी. शेवरोले ओपालाचा सांगाडा जर्मन ओपेलचा, इंजिन अमेरिकन. तिच्या एसएस या स्पोर्टी मॉडेलमध्ये ४.१ लिटरचं सहा सिलिंडर मिळे.