रंध्याला हात लावण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घ्यायची म्हणतोस त्या जुन्या बोटीचे फोटो मिळाले, सगळे मोठे करून पाहिले. बावीस फुटी, सागवानी फळ्यांची, पुढे छोटी केबिन, आत पर्किन्स ४-१०८ डिझेल इंजिन. दिवाळे कोळीवाड्याच्या मागे अशी बोट इतकी वर्षं पडून राहिली आणि कुणी सरपणाला नेली नाही, हे तुझं नशीब. घे. मात्र पत्रात तू कामांची जी यादी केली आहेस, म्हणजे इंजिन उतरवायचं, रंग खरवडायचा, कुजक्या फळ्या उपटायच्या, मग पॉलिश, तिचा क्रम साफ चुकलेला आहे.

पैसे मोजण्याआधी कागद बघ. आताच्या मालकाकडे नोंदणीचं पुस्तक आहे का, बोट त्याच्याच नावावर आहे का, आणि ते कागद महाराष्ट्र सागरी मंडळाच्या दप्तराशी जुळतात का. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि सर्व्हे लागतो. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, तोही एकदा चाळ. बिनकागदाची बोट फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. जुन्या बोटीत फळी बदलता येते, खिळा बदलता येतो, इंजिन तर नवंसुद्धा बसवता येतं. तिचा आकार एकदा गेला की मात्र परत आणणं फार कठीण. बांधणाऱ्याने जी गोलाई दिली तीवर ती पाण्यात कशी चालेल ते ठरतं, आणि त्या गोलाईसाठीच आपण एवढा उपद्व्याप करतो. नाहीतर फायबरची नवी होडी स्वस्त पडली असती. तुझ्या तिसऱ्या फोटोत बोटीचं पुढचं टोक दोन टायरांवर आहे, मागचा भाग चिऱ्यांवर, आणि मधला पठाण, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, अधांतरी. टनभर तरी वजन मधोमध लोंबतंय, त्यात केबिनमध्ये पावसाचं पाणी साठलेलं. म्हणून पहिलं काम पठाणाखाली ठोकळे लावायचं. दर तीन-चार फुटांवर एक, आणि सगळा भार पठाणावरच. बाजूचे टेकू फक्त बोट कलंडू नये म्हणून, त्यांच्यावर वजन देशील तर फळ्या आत दबतील.

ठोकळे ठोकण्याआधी तंगूसची (जाळ्याच्या नायलॉनची) दोरी पठाणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कडक ताणून बांध आणि दर फुटाला दोरी आणि लाकूड यांतलं अंतर मोजून वहीत लिही. मध्ये झोळ पडलेला दिसेल, दिसायलाच हवा. जॅक लावून एका दमात उचलू नकोस. पाचरी मारत एका वेळी फार तर दोन-तीन मिलिमीटर उचल, आठवडाभर थांब, पुन्हा मोज. लाकूड ज्या गतीने वाकलं त्याच गतीने सरळ व्हायला तयार होतं. घाई केलीस तर फळ्यांचे स्क्रू तटातट तुटतील. या काळात बोट उघडायची नाही, डेकची एक फळीसुद्धा काढायची नाही. डेक आणि आडवे वासे हेच तिला आत्ता धरून आहेत.

घोडबंदरला घराजवळ आणून ठेवायचा विचार सोड. अशा सैल बोटीला ट्रेलरवर चढवून ठाण्यापर्यंत खड्ड्यांतून आणलीस तर उरलासुरला आकार वाटेत सांडेल. पाण्यातून आणायची म्हणशील, तर वाशी पुलाच्या वर ठाणे खाडी म्हणजे ओहोटीला नुसता चिखल. तिथला एक पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आला. तुझ्या बोटीला अडीच फूट पाणी तरी लागेल, आणि तिवरं तोडून वाट काढणं हा सरळ गुन्हा आहे. दिवाळ्याला पनवेल खाडी हाताशी आहे, शेजारी होड्यांवर काम करणारी माणसं आहेत. येण्याजाण्याचा त्रास तू सोस, बोटीला देऊ नकोस.

पुढचं काम पाणी काढायचं. लोकांना वाटतं खाऱ्या पाण्याने लाकूड कुजतं. उलट आहे. कुजवणारी बुरशी वाढते ती गोड्या, म्हणजे पावसाच्या पाण्यावर. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो डेकच्या फटीतून कोपऱ्याकोपऱ्यात मुरतो. तळाचा प्लग काढून टाक, आतला कचरा, पालापाचोळा उपस, मग खाडीच्या पाण्यानेच आतून धू. वर बांबूचं आढं करून ताडपत्री घाल, पण गुंडाळू नकोस. दोन्ही बाजूंनी वारा खेळला पाहिजे. घट्ट गुंडाळलेल्या बोटी उघड्या बोटींपेक्षा लवकर कुजलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे झालं की दाभण आणि छोटी हातोडी घे, आणि एक अख्खा दिवस नुसता टोचत आणि वाजवत फीर. चांगलं सागवान टणक, स्वच्छ वाजतं. कुजलेलं भद्द वाजतं. दाभण कडक लाकडात टोकापुरता रुततो आणि काढताना ओढ लागते. कुजक्या लाकडात लोण्यात गेल्यासारखा जातो. कुठे बघायचं तेही सांगतो. पठाणाला लागून असलेली पहिली फळी, मागची आडवी फळी जिथे बाजूंना मिळते ते दोन्ही कोपरे, केबिनच्या खिडक्यांच्या खालच्या कडा, आणि प्रत्येक वाकाचं, म्हणजे फळ्या ज्यावर ठोकतात त्या बाकदार बरगडीचं, खालचं टोक. रंग गुळगुळीत दिसला म्हणून सोडू नकोस. रंगाची साल शाबूत आणि आत भुसा हे नेहमीचं. पाण्याखालच्या फळ्यांत काडीएवढी गोल भोकं दिसली तर ती समुद्री किड्याची समज, ती फळी आतून पोखरलेली असते. सापडेल तिथे खडूने खूण कर आणि फोटो मला पाठव. त्यानंतरच कुठली फळी काढायची ते ठरेल, आणि माझा अंदाज आहे की तुझ्या यादीत आहेत त्याच्या निम्म्याच निघतील.

वाक बदलताना एक सोडून एक बदल. लागोपाठचे दोन वाक कधीही एकाच वेळी बाहेर नकोत. हे काम तू एकट्याने करू नकोस, होड्या बांधणारा सुतार गाठ. फर्निचरवाला चालणार नाही. त्याचं सगळं शिक्षण काटकोनाचं, आणि बोटीत काटकोन शोधून सापडत नाही. पण वेळ बघून जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांत सगळ्या होड्या शाकारलेल्या असतात आणि डागडुजी चालते. ऐन जुलैच्या शेवटी गेलास तर तो तुझ्याकडे मान वर करून बघणार नाही. गणपती उरकल्यावर जा, चहा घे, त्याचं काम बघत बस. पैशाचं दुसऱ्या भेटीत बोल. तो ‘बाभळीचा बाक घे’ म्हणाला तर ऐक. बाभळीच्या फांद्यांना मुळातच बाक असतो, रेषा वळणाबरोबर जातात, म्हणून तसा वाक कापून काढलेल्या लाकडापेक्षा ताकदीचा.

स्क्रूंचं थोडक्यात. जुना पितळी स्क्रू काढून कानशीने घास. आत पिवळा निघाला तर ठीक. तांबूस-गुलाबी निघाला तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकलं आहे, बोटांनी मोडेल. नवे सिलिकॉन ब्रॉन्झचे घाल. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळणार नाहीत, आधी मागवून ठेव. पाण्याखालच्या फळ्यांत स्टेनलेस घालायचा मोह होईल, नको. ओल्या लाकडात हवा न मिळता तो आतल्या आत खड्डे पडून जातो आणि वरून चकाकत राहतो. व्हॉल्व्ह, पोर्टहोल, शॅकल यांसाठी मुंबईच्या दारूखान्यात एक चक्कर मार, तोडलेल्या जहाजांचं सामान तिथे असतं. पण पाण्याखालचा व्हॉल्व्ह कानशीची हीच परीक्षा केल्याशिवाय घेऊ नकोस. आणि बाकीचा धातू वाचवून स्वतः झिजणारे झिंकचे (जस्ताचे) ठोकळे लावायचे तर मोजकेच. लाकडी बोटीला जस्त जास्त झालं तर ब्रॉन्झच्या आसपास अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड मऊ पडतं. ‘दोन जास्तीचे लावून टाक’ म्हणणारे भेटतील, त्यांच्या बोटी बहुधा लोखंडी असतात.

आता सांधे. इथे सगळ्यात जास्त बोटी हौशी लोकांच्या हातून मरतात. इतकी वर्षं कोरडी राहून फळ्या आक्रसल्या आहेत, सांध्यांतून उजेड दिसतो, तो तूही फोटोत टिपला आहेस. बघणाऱ्याला वाटतं, भरून टाकावं. कुणी इपॉक्सी सुचवेल, कुणी वरून फायबर मारायला सांगेल. कोळीवाड्यात जुन्या होड्यांवर फायबर चढवतात, धंद्याच्या होडीचं आयुष्य आणखी काही हंगाम वाढतं, त्यांचं गणित बरोबर आहे. तुझं गणित वेगळं. फळी हलते, फायबर हलत नाही. मध्ये पाणी शिरतं, ते बाहेर पडत नाही, आणि पुढच्या माणसाला दुरुस्त करायला काही उरत नाही. सांध्यात जुन्या पद्धतीने कापसाचा पीळ मोगरीने ठोकायचा आणि वर मऊ राहणारं पुट्टीचं लुकण. पीळ सैल ठोक, म्हणजे तुला वाटतं त्याहून सैल. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार आहेत. सांधा दगडासारखा गच्च भरलास तर फुगायला जागा नाही, मग ती फळी वाकालाच बाहेर ढकलते, स्क्रू उपटतात, कधी वाक मोडतो. कोरड्या बोटीत थोडा उजेड दिसलेला परवडतो.

रंगावर फार लिहीत नाही. जुन्या थरांत शिसं असणार हे धरून चाल. ओला पॉलिश पेपर वापर, चांगला मास्क लाव, आणि ते कपडे घरच्या मशीनमध्ये टाकू नकोस. वार्निश पावसाळ्यात लावायचं नाही, दमट हवेत पांढरं पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तुझे दिवस.

इंजिनाची तुला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय, मला सगळ्यात कमी. ४-१०८ म्हणजे सुमारे १०८ घनइंच, पावणेदोन लिटरच्या आसपास, आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात. जाम असेल तर स्टार्टर मारू नकोस. इंजेक्टर काढ, त्या भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं पातळ मिश्रण ओत आणि विसरून जा. दोन आठवड्यांनी पुढच्या बोल्टला पान्हा लावून दोन्हीकडे हलकं झुलव. केसभर हललं तरी जिंकलास. चालू करण्याआधी समुद्राच्या पाण्याच्या पंपातलं रबरी इम्पेलर बदल, पडून राहून त्याची पाती वाकडीच राहतात. टाकीतलं जुनं डिझेल फेकण्यालायक आहे, तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असेल. मागच्या सीलमधून तेल गळण्याबद्दल हे इंजिन पहिल्यापासून बदनाम आहे. थोडं गळालं तर खाली ट्रे ठेव, त्यासाठी इंजिन उतरवू नकोस. मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्टचा बेंड मात्र काढून आण, रबाळ्याला माझ्या ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडे दाखवू.

पंखा फिरवणारा शाफ्ट आणि इंजिन, बोट जमिनीवर असताना नुसतं जवळपास जुळव, पक्कं करू नकोस. ठोकळ्यांवरची बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. पाण्यात चार-आठ दिवस राहू दे, मग इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे चारही बोल्ट सोडून त्याच्या दोन तबकड्यांमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाल. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढाच फरक चालतो. तुझं चार इंची असेल तर चार थाऊ, म्हणजे ०.१ मिलिमीटर. याच्यावर असेल तर शाफ्ट बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधली डोरी कितीही आवळ, गळतच राहील. आणि ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब-दोन थेंब पडलेच पाहिजेत. अगदी कोरडा केलास तर शाफ्ट जळेल.

पाण्यात सोडायचा दिवस पंचांगावरून काढ. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घे. लोक पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला बोट सोडतात. तू द्वादशी-त्रयोदशीला सोड. काही बिनसलं आणि बोट चिखलात बसली तर पुढचे काही दिवस पाणी रोज थोडं जास्त चढणार असतं, ती निघते. ऐन उधाणाला बसली तर पंधरा दिवस बसली. सोडण्याआधीचा आठवडा आत ओली पोती पसरून ठेव आणि त्यांवर रोज खारं पाणी मार. तरीही पहिल्या रात्री ती चाळणीसारखी गळेल. घाबरू नकोस, पण झोपूही नकोस. दोन पंप, दोन वेगळ्या बॅटऱ्या, आणि सोबतीला एक माणूस. दोन-तीन दिवसांत फळ्या फुगून सांधे मिटत जातील. चौथ्या दिवशीही पाणी तेवढंच येत असेल तर फोन कर, मग बोट वर घेऊ.

पहिल्या फेरीला मित्रांना बोलावू नकोस. तू, मी आणि सुतार बास. लाइफ जॅकेट तिघांनाही, नांगर दोरीसकट हाताशी. भरती चढत असताना खाडीच्या तोंडाकडे, पाण्याच्या उलट निघायचं. इंजिन बंद पडलं तर तेच पाणी आपल्याला परत दिवाळ्याकडे आणून सोडेल.

दोरीची मापं आधी पाठव, लाकडाची ऑर्डर त्यानंतर.

तुझा,
काका