शास्त्रीय संगीत ऐकायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

अरे वा, या या! सध्या काय ऐकू म्हणून विचारलंत तर एकदम तासाभराचा ख्याल (रागाची सावकाश फुलवत नेलेली मोठी मांडणी) लावू नका, मी तेच केलं होतं आणि विलंबितात, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीत, दहाव्या मिनिटाला गाढ झोपलो, बायको अजून चिडवते. आपल्या नाशिकचेच गायक द. वि. पलुस्कर घ्या, जन्म इथलाच, १९२१ चा. त्यांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात राग, बंदिश (रागात बांधलेलं गीत), ताना (झरझर घेतलेल्या सुरांच्या लडी) सगळं बसवलेलं.

- पंधरा दिवस एकच राग. यमन घ्या, संध्याकाळी. तीव्र मध्यम (यमनमधला चढा म) वगैरे नंतर बघू.
- त्रितालात १६ मात्रा (ठोके), हातावर मोजा आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, पकडा. पहिल्यांदा सापडली ना की मान आपोआप हलते बघा!
- द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये, हेल्मेटात इअरफोन कोंबून ऐकू नका, तंबोरा ऐकूच येत नाही आणि पोलीस पकडतो तो वेगळाच.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे राग ओळखायची घाई. ऐकता ऐकता ॲपवर नाव शोधत बसतात आणि गाणं राहतं बाजूला. घराणी (गायकीच्या परंपरा), थाट (रागांचे गट) हे सगळं सध्या राहू द्या, त्यावर भांडायला आम्ही आहोतच. 😄

आणि दिवाळीत नाशिकच्या पिंपळपारावर पाडवा पहाटेला, म्हणजे पाडव्याच्या पहाटेच्या मैफलीला, नक्की या, स्वेटर घालून. पुढच्या आठवड्यात सांगा यमन कुठवर आला ते.