पालकांचे प्रश्न: लेखनिक, विज्ञान दिन, शाळा समिती आणि टेकडीवरची झाडं

प्रश्न: मुलगी यंदा नववीत आहे. दहावीच्या अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून बसायची तिची फार इच्छा आहे. यासाठी काय करावं लागतं? तिच्या स्वतःच्या अभ्यासाचं नुकसान तर होणार नाही ना?
– एक आई, धनकवडी

उत्तर: नववी हेच त्यासाठीचं नेमकं वर्ष. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. त्यामुळे पुढच्या वर्षी इच्छा असूनही तिला दहावीच्या मुलांसाठी बसता येणार नाही.

कोरेगाव पार्कची मुलांची अंधशाळा, कोथरूडला गांधी भवनाजवळची मुलींची अंधशाळा किंवा विद्यानगरचं ‘निवांत अंध मुक्त विकासालय’, यांपैकी तुम्हाला जे जवळ असेल तिथे दिवाळीची सुटी संपताच फोन करा. जानेवारीपर्यंत थांबू नका. लेखनिकाची परवानगी परीक्षार्थीची शाळा मंडळाकडून घेते आणि ती परीक्षेआधी हातात असावी लागते. तुमच्या बाजूने मुलीच्या शाळेचं बोनाफाइड, ओळखपत्र, फोटो आणि पालकांचं संमतीपत्र तयार ठेवा. ऐन वेळी लेखनिक बदलला की परीक्षा केंद्रावर धावपळ होते आणि त्याचा ताण परीक्षार्थीला सोसावा लागतो. म्हणून एकदा हो म्हटलं की लग्नकार्य, सहल, काहीही आलं तरी ती तारीख मोडायची नाही, हे मुलीशी आधीच स्पष्ट बोला.

अशा परीक्षार्थींना ताशी वीस मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो आणि चार तास सलग लिहिण्याची सवय बहुतेक मुलांच्या हाताला नसते. ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्याबरोबर बसून किमान दोन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवा. या सरावातच खऱ्या अडचणी समजतात. आधी सगळी प्रश्नपत्रिका गुणांसकट सावकाश वाचून दाखवायची, मग कुठला प्रश्न आधी घ्यायचा ते परीक्षार्थीने ठरवायचं. प्रत्येक वाक्य लिहून झालं की शेवटचे दोन-तीन शब्द मोठ्याने म्हणायचे, म्हणजे पुढे कुठून सांगायचं ते त्याला कळतं. गणितात कंस बोलून दाखवावे लागतात: ‘कंस सुरू, क्ष अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’. नुसतं ‘क्ष अधिक तीनचा वर्ग’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वर्ग फक्त तीनचा वाटू शकतो आणि अख्खं उदाहरण चुकतं.

हुशार मुलांकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे उत्तर सुधारणं. सांगणाऱ्याने चुकीचं सन सांगितलं तर चुकीचंच लिहायचं. आवाजातून, थबकण्यातून, ‘नक्की ना?’ असं विचारून सुचवायचंही नाही. पेपर त्याचा आहे आणि त्याचे गुणही त्याचे स्वतःचेच असले पाहिजेत.

अभ्यासाचं म्हणाल, तर दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि नववीची वार्षिक परीक्षा साधारण त्यानंतर. तरीही सगळे पेपर अंगावर घेऊ नका. भाषांना एक आणि गणित-विज्ञानाला दुसरी, अशी वाटणी चालेल का, हे त्या शाळेला विचारा. आणि पेपरच्या दिवशीच्या गैरहजेरीसाठी वर्गशिक्षकांना आधी पत्र द्या.

प्रश्न: मुलाला विज्ञानाची आवड आहे, पण रोबोटिक्सच्या वर्गांची फी परवडत नाही. पुण्यात फुकट किंवा कमी खर्चात काय मिळेल?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर: पुण्यातल्या मुलांचं भाग्य असं, की देशातल्या उत्तम संशोधन संस्था त्यांच्या बसच्या टप्प्यात आहेत. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात. तिथलीच ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ काड्या, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, जुनी वर्तमानपत्रं अशा वस्तूंतून प्रयोग करायला शिकवते. अरविंद गुप्ता यांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या खेळण्यांच्या कृती मराठीतही मोफत उपलब्ध आहेत आणि घरी करायला खर्च जवळजवळ शून्य. रोबोटिक्सच्या तयार संचाआधी मुलाच्या हाताला हे वळण लागलेलं बरं, असं आमचं ठाम मत आहे. संच जोडायला सूचना पुरतात. खेळणं चाललं नाही की मात्र का चाललं नाही ते स्वतः शोधावं लागतं.

२८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आयुका, पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा संस्था लोकांसाठी दारं उघडतात. त्या दिवशी गर्दी प्रचंड असते. तीन ठिकाणं उरकायला निघालेली कुटुंबं बहुतेक वेळ रांगेत आणि रस्त्यावर घालवतात. एकच संस्था निवडा, उघडण्याच्या वेळेला दारात पोहोचा आणि मुलाला दोन प्रश्न लिहून न्यायला सांगा. संशोधक त्या दिवशी मनापासून उत्तरं देतात, पण विचारणारा तयारीने आलेला हवा. आदल्या आठवड्यात संस्थेच्या संकेतस्थळावर वेळ आणि नोंदणी पाहून घ्या.

२३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो. त्या दिवशी शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या वेधशाळेत पर्जन्यमापक, तापमापक जवळून बघता येतात. गर्दी तुलनेने कमी, म्हणून लहान मुलांसाठी आम्ही हाच दिवस सुचवू.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरतं. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात आणि फोनचा संदेश त्यांना सहज झाकून टाकतो. मुलाला हे कारण जाण्याआधीच सांगा. आकाशदर्शनासाठी १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था टिळक स्मारक मंदिरात आहे.

प्रश्न: मला शाळेच्या कारभारात भाग घ्यायचा आहे. पालक संघात कसं जाता येतं?
– एक पालक, वारजे

उत्तर: हे शाळेच्या प्रकारावर अवलंबून आहे आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. निवड पालकसभेत होते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीची ती सभा चुकवू नका. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते पाहणं ही समितीची कामं. पहिल्या बैठकीत मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त मागा. त्यावरून समिती खरोखर भरते की नुसत्या सह्या होतात, ते कळतं.

विनाअनुदानित खासगी शाळेला राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा लागू होतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे पालक पालक-शिक्षक संघाचे सदस्य असतातच. कार्यकारी समितीसाठी मात्र इच्छुकांमधून सोडत काढतात. त्यामुळे तुमचं नाव लेखी द्या आणि सोडतीच्या वेळी हजर राहा. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे यायला हवा. जूनमध्ये शाळा सुरू होत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरची बैठक सर्वांत महत्त्वाची. एप्रिलमध्ये फीवाढीचं पत्र हातात पडल्यावर जागं होऊन फारसं काही साधत नाही.

प्रश्न: मुलगा अनुदानित शाळेत आठवीत आहे. एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीबद्दल सांगाल का?
– एक वडील, हडपसर

उत्तर: जरूर बसवा. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के). बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे प्रत्येकी ९० प्रश्नांचे दोन पेपर असतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

अर्ज शाळेमार्फत भरला जातो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आत्ताच सेतू केंद्रात अर्ज करा, शेवटच्या आठवड्यात तिथे रांगा लागतात. परीक्षा पास होऊनही पैसे अडकतात ते बहुतेकदा कागदांमुळे: आधारवर आणि शाळेच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग वेगळं, बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षीचं नूतनीकरण राहून गेलं. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शाळा बदलली की हे हमखास विसरतं.

प्रश्न: सोसायटीतल्या मुलांना घेऊन जुलैमध्ये टेकडीवर शंभर झाडं लावायचा बेत आहे. कुठली रोपं घ्यावीत?
– सोसायटीतले काही पालक, कोथरूड

उत्तर: शंभर लावू नका. दहा लावा आणि दोन उन्हाळे सांभाळा.

पुण्याच्या टेकड्यांवरची बरीचशी जमीन वनखात्याची आहे, तिथे परवानगीशिवाय खड्डा खणता येत नाही. शिवाय टेकडीचा गवताळ उतार म्हणजे पडीक जागा नव्हे. तिथले पक्षी, कीटक त्या गवतावर जगतात. पूर्वी लवकर हिरवं दिसावं म्हणून लावलेल्या गिरिपुष्पाने कितीतरी उतार व्यापून टाकले आहेत, ती चूक पुन्हा नको. परवानगी मिळाली तर पळस, काटेसावर, पांगारा, शिवण अशी इथली झाडं घ्या. मुरमाड जमिनीत खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल हवा. रोप चार-पाच फुटांचं घ्या, लहान रोप गवतात हरवतं आणि गुरं खातात. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत चार-पाच दिवसांनी एका रोपाला दहा लिटर पाणी लागतं. दहा रोपांना शंभर लिटर. ते टेकडीवर कोण आणि कसं चढवणार, याचं वेळापत्रक खड्ड्याच्या आधी तयार करा. बहुतेक मोहिमा मे महिन्यात मरतात, कारण मुलं सुटीत गावाला जातात.

एवढं जमणार नसेल तर मुलांना ‘सीझनवॉच’मध्ये नोंदवा. घराजवळचं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं नोंदवायची. खर्च काही नाही आणि त्या नोंदी संशोधकांच्या उपयोगी पडतात.

प्रश्न: शनिवारी सकाळी दोन तास मोकळे असतात. वस्तीतल्या मुलांसाठी काही करता येईल?
– एक आजोबा, कर्वेनगर

उत्तर: तुमच्या जवळ कोथरूडच्या लक्ष्मीनगरमध्ये पालकनीती परिवाराचं खेळघर आहे. बांधकाम मजुरांच्या आणि महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर काम करणारी डोअर स्टेप स्कूल ही संस्थाही आहे. दोन्हीकडे आधी एक-दोन वेळा नुसतं बसून बघू द्या म्हणून विनंती करा. ओळखपत्र किंवा पोलीस पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नका, मुलांच्या सुरक्षिततेसाठी ती हवीच. गोष्ट वाचून दाखवणार असाल तर सहा ते आठ मुलांचा गट, मोठ्या चित्रांचं पुस्तक आणि वीस मिनिटं पुरेत. मुलांचे फोटो काढू नका, खाऊ आणि भेटवस्तू नेऊ नका. आणि किमान सहा महिने दर शनिवारी येणं जमेल का, हे घरच्यांशी बोलून मगच होकार कळवा.