गोळी लागू पडली, पण इच्छा गेली

प्रश्न : वय ३६. चिंता व उदासीसाठी पाच महिने रोज एस्सिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ. घेतो. मन ताळ्यावर आलं, पण वीर्यपतनाला फार वेळ लागतो, कधी होतच नाही. इच्छाही कमी झाली. शनिवार-रविवार गोळी टाळली तर चालेल का?

उत्तर : टाळू नका. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ३० तास लागतात. म्हणजे दोन दिवसांनीही तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. फायदा किरकोळ, चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या मात्र पदरात. शिवाय सोमवारी गोळी विसरणारे बरेच असतात.

ही गोळी मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवते, आणि ते वाढलं की कामपूर्ती लांबते. शीघ्रपतनावर दिला जाणारा डॅपॉक्सेटिन याच गुणाचा उपयोग करतो. मळमळ दोनेक आठवड्यांत जाते, हा त्रास बहुधा आपोआप जात नाही. पाच महिने वाट पाहिलीत, पुरे झालं.

आधी आठवा, तक्रार गोळीच्या आधीची की नंतरची? आधीची असेल तर उदासी, मधुमेह, दारू किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्याही कारण असू शकतात. साखर, थायरॉइड आणि सकाळी काढलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या.

नंतरची असेल तर मनोविकारतज्ज्ञांसमोर पर्याय असतात. तब्येत स्थिर असल्यास डोस ५ मि.ग्रॅ.वर आणणं हा त्यातला सगळ्यात सोपा. औषध बदलायचं तर बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन. मिर्टाझापिनने झोप आणि वजन वाढतं. चालू गोळीला बुप्रोपिऑनची जोडही देतात, पण फिट येणाऱ्यांना ते देत नाहीत. सिल्डेनाफिल ताठरतेला मदत करतं, इच्छेला नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेत असाल तर ते मुळीच नको, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. ‘शक्तिवर्धक’ पुड्यांत सिल्डेनाफिलच न सांगता मिसळलेलं सापडलं आहे, तेव्हा त्यांच्याही वाटेला जाऊ नका.

डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, हे खरं. संकोच वाटत असेल तर काय बदललं आणि कधीपासून, एवढं कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवा. पत्नीलाही सांगा, हा औषधाचा परिणाम असू शकतो. नाहीतर त्या स्वतःलाच दोष देत बसतील.

प्रश्न : स्त्री, वय २९. पॅरॉक्सेटिन (एस्सिटालोप्रॅमच्याच गटातलं औषध) बंद करून तीन महिने झाले, तरी जननेंद्रियाची संवेदना बधिरच आहे. भ्रम आहे का?

उत्तर : नाही. औषध थांबवल्यावरही असा त्रास टिकू शकतो, हे युरोपीय औषध नियामकाने २०१९मध्ये मान्य केलं. खात्रीचा इलाज अजून नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. गोळी कधी सुरू केली, कधी कमी केली, कधी थांबवली, त्या तारखा सोबत न्या.